शेततळ्यात एकच जात सोडू की सगळे मासे मिळून? (द्राक्षबाग, बदकं आणि मासे, ता. कवठेमहांकाळ)

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | ९ जुलै

नमस्कार मंडळी.

तीन एकर द्राक्षबाग आहे. शेततळं ३४ बाय ३४ मीटर, खोली ३ मीटर, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलेला. म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की भरून घेतो, काठोकाठ भरलं तर २८-२९ लाख लिटर बसतं. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून त्यात नुसता कटला सोडला, ९०० नग. काढताना किलोच्या वर गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकी सगळे पाव-अर्ध्या किलोवर अडकलेले. वर पाणी इतकं हिरवं झालं की ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागायचा.

यंदा वेगवेगळ्या जाती एकत्र सोडायच्या आणि काठावर पंचवीसेक बदकं ठेवायची असा विचार आहे. माशांची घाण पाण्यात, ते पाणी वेलींना, बदकांची विष्ठा माशांना, असं एकात एक गुंतलेलं. कागदावर छान वाटतं. वडील म्हणतात, "तळं बागेसाठी खणलंय. बागेला त्रास झाला तर मासे चुलीत."

ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा. कोणते मासे, किती, आणि बागेच्या पाण्यावर काय परिणाम होतो?

मिरजकर_पांडू | ९ जुलै

वडिलांचं ऐका. पण मासे चुलीतच जायचे असतात, तेव्हा दोघांचंही बरोबर आहे :)

जुना_मत्स्यबीजवाला | ९ जुलै

दादा, वाळव्याकडचा आहे. मत्स्यबीजाच्या धंद्यात तीस वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कटला हातात घेऊन त्याचं तोंड बघा. खालचा ओठ पुढे, तोंड वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो, डोळ्याला जेमतेम दिसणारे प्राणीप्लवंग खातो. रोहूचं तोंड खाली झुकलेलं आणि ओठांना झालर, तो मधल्या थरात फिरतो. मृगळचं तोंड अगदी खालच्या अंगाला, तो तळाचा. तुम्ही ९०० कटले सोडले म्हणजे एकाच पंगतीला ९०० पानं मांडली आणि बाकीचा मांडव रिकामा ठेवला. वरचा थर त्यांनी ओरबाडून खाल्ला, प्राणीप्लवंग संपले. प्राणीप्लवंग ज्या शेवाळावर जगतात ते खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून पाणी हिरवं झालं. तुमच्या फिल्टरचं दुखणं तिथून सुरू झालं.

यात तीन परदेशी जाती मिसळतात. चंदेरा (सिल्व्हर कार्प) थेट वनस्पतीप्लवंग, म्हणजे पाणी हिरवं करणारं बारीक शेवाळ, गाळून खातो, गवत्या (ग्रास कार्प) घास खातो आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो. गवत्या जेवढं खातो त्यातलं बरंच अर्धवट पचलेलं बाहेर टाकतो, त्यावर बाकीच्यांचं पोट भरतं. पेंड-कोंडा टाकला तर त्यातल्या नत्राचा साधारण पाव हिस्साच माशाच्या अंगी लागतो, उरलेलं पाण्यात जातं. ते वाया जाऊ द्यायचं की दुसऱ्या तोंडात घालायचं, एवढाच प्रश्न आहे.

तुमचं पाण्याचं क्षेत्र साधारण साडेअकरा गुंठे. हेक्टरी ६००० ते ७००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) धरली तर ७०० ते ८०० नग. ९०० तसेही जास्तच झाले होते, त्यात एकच जात. आणि हिशोब भरलेल्या तळ्यावर करू नका. मार्चमध्ये किती पाणी राहतं ते आधी सांगा.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | ९ जुलै

काका, मार्चअखेरीला पाच-साडेपाच फूट. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पाणी झपाझप उतरतं, मेमध्ये गुडघाभर.

जुना_मत्स्यबीजवाला | ९ जुलै

मग मार्चअखेर काढणी धरूनच चला. पाच फुटांच्या खाली उन्हाळ्यात पाणी तापतं आणि मासा दमतो. जुलैअखेर चार इंचांची बोटुकली सोडली तर आठ महिने मिळतात. मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) स्वस्त पडतात म्हणून ते आणाल तर निम्मं वर्ष त्यांना मोठं करण्यातच जाईल.

सातारी_कंदी | १० जुलै

आज १० जुलै, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन, त्यामुळे धागा अगदी मुहूर्तावर निघाला. १९५७ साली याच दिवशी ओडिशात अंगुळला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त जागेत अंडी घालून घेतली.

याचा आपल्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. कटला, रोहू, मृगळ तळ्याच्या साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्याआधी बीज नदीच्या पुरातून गाळून आणायचे. त्यात काय काय यायचं याचा नेम नसे, शिकारी माशांची पिल्लंसुद्धा असत. "इतके कटला, इतके रोहू" असं मोजून सोडणं शक्य झालं ते त्या प्रयोगामुळे. तळ्यात विणत नाहीत म्हणून संख्या आपल्या हातात राहते, हाही फायदाच.

कोरेगावची_माती | १० जुलै

रोहू घेणार असाल तर जयंती रोहू विचारून बघा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर निवड पद्धतीने काढलेला वाण, १९९७ चा. वाढ चांगली आहे. मात्र खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, नुसतं नाव सांगून साधा रोहू गळ्यात मारणारे भेटतात.

पलूसचा_ऊस | १० जुलै

जुने काका, तुमच्या चंदेऱ्यावर माझा आक्षेप आहे. मी दोन वर्षं टाकला. एक तर तो कटल्याच्या वाढीच्या आड येतो, दोघं वरच्याच थरातले. दुसरं, जाळ्यात आला की लगेच मरतो आणि लवकर नरमतो. बाजारात नेईपर्यंत गिऱ्हाईक बोट लावून पुढे जातं. कटला, रोहूला जो भाव मिळतो त्याच्या निम्म्याला विकावा लागला. मृगळ आणि सायप्रिनसबद्दल तक्रार नाही.

जुना_मत्स्यबीजवाला | ११ जुलै

दोन्ही मुद्दे खरे आहेत. चंदेरा जास्त झाला की कटला मागे राहतो, हे मीही पाहिलंय. नुसत्या माशांसाठी तळं असतं तर मी म्हणालो असतो, चंदेरा टाकूच नका. पण यांचं तळं ठिबकचं आहे. हिरवं पाणी खाणारा एक तरी हवा, म्हणून थोडा ठेवायचा आणि तळ्यावरच विकायचा, बाजारात न्यायचाच नाही. माझं माप असं: कटला १५०, चंदेरा १००, रोहू २५०, मृगळ १००, सायप्रिनस १००, गवत्या ५०. एकूण साडेसातशे. कागदाच्या तळ्यात सायप्रिनस बांध पोखरत नाही, म्हणून १०० चालतील. मातीच्या तळ्याला मी निम्मेच सांगितले असते.

पलूसचा_ऊस | ११ जुलै

या हिशोबाने पटतं.

तासगाव_बेदाणा | ११ जुलै

सगळे माशांवर बोलताय, फवारणीवर कोणीच बोलत नाही. माझं ऐका, कारण मी त्यात पोळलोय.

आमचं तळं बागेच्या वरच्या अंगाला, बांधापासून पहिली ओळ वीस फुटांवर. पावसाळी वातावरण होतं, डाऊनी रोगाच्या भीतीने बोर्डो मारला. शंभर लिटरला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, नेहमीचंच. मारताना काही झालं नाही. गड्याने संध्याकाळी टाकी आणि ब्लोअर तळ्याच्या काठावर धुतला. पाणी काठावरच ओतलं, ते कागदावरून ओघळून आत गेलं. सकाळी गेलो तर काठाला पांढरी रांग लागलेली. रोहूचे डोळे उघडे, कल्ले फाकलेले, अंगावर जखम नाही. शंभराच्या वर मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं. त्या गड्याला मी ओरडलो, पण सांगायला हवं होतं ते मी, तो बिचारा दहा वर्षं तिथेच टाकी धुत आला होता.

मोरचुदातलं तांबं माशाला विष आहे. त्याहून वाईट सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकं, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे. थोडा उडालेला फवाराही पुरतो. आता आमचे नियम ठरलेत. टाकी भरायला वेगळी सिमेंटची टाकी, फवारणीचा पाईप तळ्यात बुडवायचा नाही, कारण उलटा प्रवाह आला की औषध आत. धुणं-पुसणं तळ्यापासून लांब, उताराच्या खाली. वारा तळ्याकडे असेल तर त्या बाजूच्या चार ओळी दुसऱ्या दिवशी. आणि शेवाळ झालं म्हणून तळ्यात मोरचूद टाकायची सवय अनेकांना आहे, ती मासे असताना बंद. मोरचुदाने मासा वाचला तरी मेलेलं शेवाळ कुजताना सगळा प्राणवायू ओढून घेतं.

गवत्याला द्राक्षाचा पाला घालू नका, एवढंही सांगून ठेवतो. छाटणीचा पाला फुकट दिसतो, पण त्यावर काय काय मारलेलं असतं ते आपल्यालाच माहीत.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | ११ जुलै

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमचीही टाकी काठावरच धुतात. आजच जागा बदलतो.

गवत्यासाठी बांधावर लसूणघास आणि हत्तीघास आहे, तो चालेल ना?

तासगाव_बेदाणा | ११ जुलै

उत्तम. बारीक कापून बांबूच्या चौकटीत टाका, म्हणजे सगळीकडे पसरून फूटव्हॉल्व्हला (पंपाच्या पाईपचं पाण्यातलं तोंड) जाणार नाही.

आटपाडीची_लेक | १२ जुलै

जरा वेगळं लिहिते, पण हे आधी वाचा. मासे आले की तळ्यावर लहान मुलं येतात, हे ठरलेलं. कागदाचं तळं म्हणजे घसरगुंडी. त्यावर शेवाळ धरलं की पोहणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसतं. आमच्या शेजारच्या तळ्यात सातवीतला पोरगा बदकाच्या मागे गेला आणि घसरला. त्याच्या आईच्या ओरडण्याने माणसं धावली. साडी सोडून फेकली म्हणून तो वाचला. दुसऱ्या एका गावात असं नशीब नव्हतं.

चारी कोपऱ्यांना खुंट रोवून त्याला जाड दोर बांधा. हातभर अंतरावर गाठी मारा आणि टोक पाण्यात सोडून ठेवा. ट्रकची हवा भरलेली ट्यूब काठावर हवी. भोवतीने जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप. बीज आणायच्या आधी हे करा, मग मासे.

कोरेगावची_माती | १२ जुलै

ताई, हजार वेळा बरोबर. आमच्याकडे दोर होता पण उन्हाने सडलेला. काल बदलला, हे वाचून.

माणदेशी_धनगर | १२ जुलै

बदकांबद्दल. आमच्याकडं दहिवडीजवळ खाकी कॅम्पबेल होती. वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देणारी जात, तळ्याला चांगली. हेक्टरी दोनशे-तीनशे बदकं म्हणत्यात, तुमच्या तळ्याला पंचवीस म्हंजी मापात हाय. गोगलगायी वेचत्यात, पाणी ढवळत्यात. पण बोटुकली चार इंचांच्या आतली असली तर गिळून टाकत्यात. आधी मासा मोठा होऊ द्या, बदकं नंतर सोडा. आन् रात्री पक्क्या खुराड्यात कोंडा, नायतर कुत्री आन् मुंगूस न्हेत्यात.

सातारी_कंदी | १२ जुलै

बदकं की कोंबड्या? काही जण तळ्यावरच कोंबड्यांचा माचा बांधतात, विष्ठा थेट पाण्यात.

जुना_मत्स्यबीजवाला | १२ जुलै

कोंबड्या हेक्टरी पाचशेपर्यंत म्हणतात, यांना पन्नास-साठ. मी यांना नको म्हणेन. कोंबड्यांना औषधं, प्रतिजैविकं द्यावी लागतात, ती पाण्यात येतात. शिवाय हे पाणी ठिबकमधून वेलीच्या मुळाशी जातं तोवर ठीक, पण बांधावर कोथिंबीर-मेथी लावली आणि तेच पाणी वरून शिंपडलं तर कच्च्या भाजीला ते योग्य नाही. बदकांच्या पाण्यालाही हाच नियम. मुळाशी द्या, पाल्यावर आणि घडावर नको.

शेण घालायचं असेल तर ताजं घालू नका. गोबर गॅस असेल तर त्याची स्लरी फडक्यातून गाळून घाला. तिचं कुजणं आधीच झालेलं असतं, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू कमी खाते.

वाईची_रेशीम | १३ जुलै

माझी तुती आहे, म्हणून चीनमधलं उदाहरण सांगते. पर्ल नदीच्या खोऱ्यात शेकडो वर्षं तुती, रेशीमकिडे आणि तळी अशी एकत्र शेती चालली. बांधावर तुती, पाला किड्यांना, किड्यांची विष्ठा आणि कोषातले मेलेले किडे माशांना, तळ्याचा गाळ पुन्हा तुतीला. मी गेल्या वर्षी किड्यांच्या खालचा उरलेला पाला आणि विष्ठा शेजारच्यांच्या तळ्यात थोडी थोडी टाकायला दिली. गवत्या धावून येतो. जास्त टाकली की मात्र पाणी वास मारतं, म्हणून आठवड्याला पाटीभरच.

सातारी_कंदी | १३ जुलै

समुद्रातही हेच चालतं. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पिंजऱ्यात कोबिया मासा आणि त्याच्या बाजूला तराफ्यांवर कप्पाफायकस हे समुद्री शेवाळ, असं एकत्र केलं. माशाच्या घाणीतलं नत्र शेवाळ शोषतं आणि ते शेवाळही विकलं जातं. त्याला बहुस्तरीय एकात्मिक मत्स्यशेती म्हणतात. द्राक्षवेल, तुमच्याकडे शेवाळाच्या जागी द्राक्ष आहे.

विटेकर_२ | १४ जुलै

एवढ्या भानगडी कशाला? बायोफ्लॉकच्या टाक्या टाका, सतत हवा सोडून दाट मासे वाढवायच्या. कमी जागा, कमी पाणी.

जतचा_दुष्काळी | १४ जुलै

विटेकर, मी टाकल्या होत्या. सहा टाक्या. विकणाऱ्याने सांगितलं होतं वर्षात पैसे वसूल. त्याने हे सांगितलं नाही की हवा चोवीस तास लागते. आमच्याकडे लाईट आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. जनरेटर बंद पडला त्या रात्री दोन टाक्या गेल्या, पहाटेपर्यंत. विकणारा आता फोन उचलत नाही. टाक्यांत सध्या जनावरांचं पाणी आहे.

ज्यांच्याकडे लाईटची हमी आहे आणि रोज पाणी तपासायची शिस्त आहे त्यांनी करावं. आम्हा कोरडवाहूंना साधं तळं बरं. त्याला हवा वारा आणि ऊन देतं.

विटेकर_२ | १४ जुलै

वाईट वाटलं दादा. माझं नुसतं व्हिडिओ बघून मत होतं.

कृष्णाकाठचा | १५ जुलै

सांगलीचा आहे, घाटावर वाढलो. मासे सोडणाऱ्या सगळ्यांना हात जोडून एक विनंती.

लहानपणी आमच्या नदीत वाम, मरळ, शिंगाळा सहज मिळायचे. आता गळाला येते ती चिलापी (तिलापिया). २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काठची किती तळी वाहून नदीत मिसळली असतील, विचार करा. चिलापी तळ्यात विणते, नदीतही विणते आणि बाकीच्यांची अंडी खाते. थाई मांगूर तर त्याहून वाईट, त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून विकतात. काळा, मिशावाला, फार लवकर वाढणारा आणि काहीही खाणारा. कोणी "मांगूर आहे, भाव चांगला" म्हणाला तर घेऊ नका.

नदीत दूषित पाणी सुटतं तेव्हा मासे तडफडून वर येतात. लोक टोपल्या घेऊन धावतात, आणि मी घाटावर उभा राहून बघतो. आपल्या नदीचे मासे आधीच कमी उरलेत. निदान आपल्या तळ्यातून नवा त्रास त्यांना नको.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | १५ जुलै

दादा, आमचं तळं माळावर आहे, पुराचा धोका नाही. तरी सांडव्याला बारीक जाळी लावतो. चिलापी, मांगूर नाहीच.

बोरगावकर_वाळवा | १६ जुलै

आमच्याकडे उलटा प्रश्न. ऊसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन जमीन क्षारपड झाली, पांढरा थर आलाय. तिथे मासे होतील का?

जुना_मत्स्यबीजवाला | १६ जुलै

पाण्याची खारटाई मोजा. कमी असेल तर सायप्रिनस, रोहू तग धरतात. जास्त असेल तर कोळंबीचा विचार होतो. हरियाणात रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे खाऱ्या भूजलावर व्हॅनामी कोळंबी घेऊन दाखवलीय. पण परवाना, बीज आणि पाणी सोडायची सोय लागते. वेगळा धागा काढा, मी येतो.

पलूसचा_ऊस | १६ जुलै

अनुदानाचं कोणी सांगितलं नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खुल्या गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. तालुक्याला जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा. पण अनुदान मिळेल म्हणून मासे सोडू नका.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | २ ऑगस्ट

मंडळी, सोडले. साडेसातशे, काकांच्या मापाने. ऑक्सिजनच्या पिशव्या वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं. बोटुकली आपणहून बाहेर पडली. वडील काठावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, पण शेवटची पिशवी त्यांनी सोडली.

फूटव्हॉल्व्ह तळाशी होता, तो बंद डब्याला बांधून तरंगता केला, पाण्याखाली दोन फुटांवर. वरचं शेवाळ नाही, तळाचा गाळ नाही. ताई, चार दोर, ट्यूब, कुंपण झालं. टाकी धुवायची जागा खाली नेली.

आटपाडीची_लेक | २ ऑगस्ट

आता झोप लागेल मला.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | २२ सप्टेंबर

काल पहाटेची गोष्ट. तीन दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा नाही. आदल्या दिवशी मी स्लरी घातलेली, नेहमीची वेळ म्हणून. पहाटे पाचला वडिलांनी उठवलं, "तुझे मासे बघ." बॅटरी टाकली तर अख्ख्या तळ्यावर तोंडंच तोंडं. आ वासून पाणी ओढत होते, प्यॅक प्यॅक असा आवाज. लाईट दोनलाच गेलेली. मी म्हणालो, ट्रॅक्टरचा फवारणी पंप लावतो, पाणी फिरवू. वडिलांनी हात धरला. "त्या टाकीला औषधाचा वास आहे. ते नको." जुनं डिझेल इंजिन शेडमध्ये दोन वर्षं पडून होतं. त्याला हँडल मारून मारून त्यांनी चालू केलं. पाणी उचलून पत्र्यावर आपटवून परत तळ्यात, सूर्य वर येईपर्यंत.

६१ मासे गेले. चंदेरा आणि कटला जास्त.

जुना_मत्स्यबीजवाला | २२ सप्टेंबर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू खातात, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. ढगाळ दिवशी शेवाळ दिवसा तयारही करत नाही. आभाळ भरलं की खत आणि खाद्य बंद, हा नियम मी आधी सांगायला हवा होता, राहिला. दुपारी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसेनासा होत आला तर पाणी योग्य. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर हिरवळ जास्त झालीय, खत थांबवा.

माणदेशी_धनगर | २३ सप्टेंबर

मेलेले मासे काढून पुरले का? पाण्यात राहू दिऊ नका.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | २३ सप्टेंबर

हो, त्याच सकाळी. दोन वेलींच्या मधल्या सरीत.

मिरजकर_पांडू | १० फेब्रुवारी

काय झालं पुढे? मासे विकायला माणूस लागला तर सांगा. एक सल्ला: बुधवार, शुक्रवार, रविवारीच जाळं ओढा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी तळ्यावर कोणी फिरकणार नाही. आणि गावात आदल्या रात्रीच निरोप पाठवा.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | २९ मार्च

उशीर झाला, द्राक्ष काढणी चालू होती. दोन रविवारी ओढजाळं लावलं. मोजून ५४८ मासे, ४४५ किलो. कटला आणि चंदेरा सरासरी किलोभर, रोहू साडेसहाशे ग्रॅम, गवत्या सव्वा किलोपर्यंत. बाकीचे सोळाशे-सतराशे ग्रॅमला तीन असे. काकांच्या सांगण्याप्रमाणे चंदेरा तळ्यावरच ८० रुपयांनी दिला, दहा वाजेपर्यंत संपला. बाकी १३० ने. पंधरा किलो घरी आणि भावकीत वाटले. ५२ हजार आले, बीज, पेंड, कोंडा, जाळं, मजुरी मिळून २५ हजारांच्या आसपास गेले. बदकांपैकी चार कुत्र्यांनी नेली, एकवीस आहेत, जानेवारीपासून अंडी चालू.

तीन एकर द्राक्षाच्या खर्चापुढे ही रक्कम मोठी नाही, तेही लिहितो. पण फिल्टर गेल्या वर्षी दिवसातून दोनदा धुवायचो, यंदा दोन दिवसांतून एकदा. बागेला युरिया जरा कमी टाकला, तरी पाल्याचा रंग चांगला होता. ते पाण्यामुळे की पावसामुळे, एका वर्षावरून म्हणता येणार नाही.

पलूसचा_ऊस | २९ मार्च

चंदेरा १०० पैकी किती निघाले?

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | २९ मार्च

७०. कटला १५० पैकी ११०.

पलूसचा_ऊस | २९ मार्च

मग पुढच्या वर्षी चंदेरा ६० करा आणि ते ४० मृगळला द्या. फिल्टर तेवढ्यावरही चालतो का ते कळेल.

जुना_मत्स्यबीजवाला | ३० मार्च

हे करून बघण्यासारखं आहे. पाणी उतरलं की मे महिन्यात तळाचा गाळ खरवडून काढा, फावड्याने नाही, रबरी पट्टीने, कागद फाटेल. तो गाळ वाळवून वेलींना घाला. खेकड्यांनी कागदाला भोकं पाडली आहेत का तेही तेव्हाच बघा. बीजाची नोंदणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, नंतर चांगली बोटुकली उरत नाही.

द्राक्षवेल_कवठेमहांकाळ | ३० मार्च

काका, साडेसातशे धरा. आणि वडील विचारतायत, डिझेल इंजिनाला नवा पट्टा टाकून ते तळ्यावरच कायम बसवलं तर चालेल का?

जुना_मत्स्यबीजवाला | ३० मार्च

बसवा. खाली तेल गळून पाण्यात जाणार नाही एवढा ओटा करा, काठापासून दहा फूट लांब.